पद रिक्त, वर्ग भरलेला

आलापल्लीचा सागवान बल्लारपूरच्या आगारातून देशभर जातो. सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रकही याच गावावरून धावतात. या अरण्यातून बाहेर काय न्यायचे, हे व्यवस्थेला चांगले ठाऊक आहे. आत काय आणायचे, हा विचार मात्र पुढच्या अर्थसंकल्पावर ढकलला जातो. विद्यापीठातील रिक्त पदांचा प्रश्न त्यातलाच.

नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन २०११ साली चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. सिरोंचा-भामरागडच्या मुलाला नागपूर गाठावे लागू नये, हा सरळ हेतू. परंतु केवळ फलक लावून विद्यापीठ उभे राहत नाही. राज्यातील विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त राहत आल्या आहेत आणि गोंडवाना त्याला अपवाद नाही. फरक एवढाच की, पुण्या-मुंबईत ही उणीव झाकली जाते. येथे ती उघडी पडते.

जागा रिकामी असली तरी वर्ग थांबत नाही. मग कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक येतात. ते मनापासून शिकवत नाहीत असे मुळीच नव्हे. अनेकदा विभागाचा गाडा तेच ओढतात. अशा नेमणुका एकूण पदांच्या १० टक्क्यांहून अधिक नसाव्यात, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८चा नियम सांगतो. गुजरातमध्ये दरमहा ३०,००० रुपयांवर राबणाऱ्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये समारंभांतून गुरुवंदनेचा श्लोक म्हणणाऱ्यांचे कान उपटले. व्यासपौर्णिमेला गुरुपूजन करणाऱ्या प्रत्येक घराला हे बोचले पाहिजे.

सर्वांत मोठी हानी मात्र संशोधनाची आहे, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.चा मार्गदर्शक कायमस्वरूपी अध्यापकच होऊ शकतो. पद रिक्त, म्हणजे मार्गदर्शक नाही. मार्गदर्शक नाही, म्हणजे संशोधक विद्यार्थी नाही. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविणारे मेंढा-लेखा याच जिल्ह्यात आहे. सिरोंचा तालुक्यातील वडधमचे जीवाश्म येथे आहेत, माडिया व गोंडी या जिवंत भाषा येथे आहेत. त्यांचा अभ्यास बाहेरच्यांनी जरूर करावा, पण आलापल्लीच्या पदवीधराने केवळ त्यांचा दुभाषा म्हणून का राहावे?

प्रशासकीय पदांची कथा अधिक रूक्ष आहे, पण तीही सोसावी लागते विद्यार्थ्यालाच. प्रभारी अधिकारी सही करतो, निर्णय घेण्याचे टाळतो. गुणपत्रिकेतील एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी आलापल्लीहून गडचिरोलीला जायचे म्हणजे एका बाजूने शंभराहून अधिक किलोमीटर! त्यात मजुराच्या मुलाचा दिवस बुडतो, आणि काम झाले नाही तर दुसराही.

जाहिराती निघतात, बिंदुनामावलीच्या तपासणीत अडकतात, पुन्हा निघतात. निवड झालेला उमेदवारही बदलीची वा नागपूरच्या महाविद्यालयाची वाट पाहत राहिला, तर सारे व्यर्थ. आदिवासी व नक्षलग्रस्त भागातील शासकीय कर्मचाऱ्यांना शासनाने २००२ साली एकस्तर वेतनश्रेणीचा लाभ दिला. त्याच धर्तीवर विद्यापीठाच्या अध्यापकांना ठोस प्रोत्साहन, गडचिरोलीत कुटुंबासह राहण्याजोगी निवासस्थाने आणि माडिया-गोंडी जाणणाऱ्या स्थानिक पदवीधरांना नेट-सेटच्या तयारीसाठी पाठबळ, एवढे तरी येत्या अर्थसंकल्पात मागण्याचे काम दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांनी पक्षभेद विसरून हाती घ्यावे.