छाटणी म्हणजे मुंडकी उडवणं नव्हे!

आमच्या सोसायटीच्या फलकावर नोटीस लागली आहे : 'भिंतीलगतची सर्व शोभेची झाडे पाच फुटांवर एकसमान छाटून घेण्यात येतील.' मराठीचा मास्तर म्हणून माझी पहिली हरकत 'छाटून' या शब्दालाच आहे. मनगटाएवढं खोड पाच फुटांवर आडवं कापणं याला मराठीत तोडणं म्हणतात. छाटणी निराळी.

ही शोभेची झाडं म्हणजे नऊ लॅजरस्ट्रोमिया. नर्सरीत याच नावानं मिळतात, डॅलसला असणारी आमची भाचेमंडळी त्यांना क्रेप मर्टल म्हणतात. आपल्या ताम्हणाची ही धाकटी बहीण. थोरली महाराष्ट्राचं राज्यफूल, एक मेच्या आसपास जांभळी होऊन उभी राहते, म्हणून तिच्याबद्दल पेपरात दरवर्षी चार ओळी तरी येतात. धाकटीची दखल कोणी घेत नाही. पाकळ्या मात्र दोघींच्याही तशाच, क्रेपच्या कापडासारख्या चुरगळलेल्या, जणू इस्त्री करायची राहून गेली आहे. (लॅजरस्ट्रोमिया हे नाव स्वीडनच्या लॅगरस्ट्रोम नावाच्या गृहस्थांवरून लिनिअसनं 1759 साली ठेवलं. मित्राला खूश करण्याचे हेही एक मार्ग!)

आता कमिटीचं म्हणणं ऐका. एक, छाटल्याशिवाय याला फुलं येत नाहीत. हे अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्यासारखं चिवट काही नाही. या झाडाला फूल येतं ते त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर. इथपर्यंत खरं. पण नवी फूट यायला झाडाचं मुंडकं उडवावं लागत नाही. थंडीत पानं झडतात आणि ऊन तापायला लागलं की न कापलेल्या फांदीच्या शेंड्यालाही पालवी फुटते, तिलाही तुरे येतात. न छाटलेली झाडं पाहायची तयारी हवी, एवढंच.

दुसरं म्हणणं आमच्या नाशिकचं खास. "सर, द्राक्षाची नाही का दरवर्षी दोनदा छाटणी करत?" हा प्रश्न विचारणाऱ्याच्या घरी पिढीजात बाग आहे, म्हणून सगळे गप्प बसतात. मी नाही बसलो. एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची गोडी छाटणी, बागाईतदार कापतो काय? काडी. तीही डोळे मोजून. खोडाला आणि ओलांड्याला तो कात्री लावत नाही, कारण ते उभं करायला काही वर्षं गेलेली असतात हे त्याला ठाऊक असतं. बरं, वेलीला आधाराला मांडव आहे. आमच्या झाडाला कोण आधार देणार? एकाच जागी दरवर्षी कापलं की तिथे मुठीसारखी गाठ धरते आणि त्या गाठीतून दहा-बारा छडीसारखे धुमारे एकदम निघतात. त्यांच्या टोकाला जड तुरे, वरून आषाढाचा पाऊस. झालं! सगळ्या छड्या जमिनीला टेकतात, काही मोडतात. मग तीच कमिटी म्हणते, "बघा, हे झाडच नाजूक."

तिसरी तक्रार गाड्यांवर चिकट पडतं ही. पडतं, खरं आहे. तो मावा. त्याच्या चिकट्यावर पुढे काळी बुरशी धरते. पण माव्याला आवडतो तो कोवळा, रसरशीत पाला, आणि मुंडकं उडवल्यावर नेमका तसाच पाला गचपण करून येतो. आत वारा नाही, ऊन नाही, म्हणून भुरीही येते. म्हणजे ज्या रोगावर औषध म्हणून करवत चालवायची, तो रोग करवतच आणते.

सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती खोडाची. या झाडाची साल वयाबरोबर पापुद्रे टाकते आणि आतून गुळगुळीत, राखाडी-बदामी खोड निघतं. जपानी लोक याला 'माकड घसरतं ते झाड' अशा अर्थाच्या नावानं ओळखतात. पानं नसलेल्या थंडीच्या दिवसांत हे खोड हीच त्याची शोभा. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानानं तर 1956 साली जपानातून आणलेल्या बियांची एक जात याच्याशी संकरित केली आणि 'नॅचेझ' नावाचं वाण 1978 साली दिलं, भुरीला दाद न देणारं आणि दालचिनी रंगाच्या खोडाचं. माणसं वीस-वीस वर्षं खपतात, आणि आपण वीस मिनिटांत बोडकं करतो.

हसू नका, डॅलसकरांनो, तुम्हीही त्यातलेच! टेक्सासनं 1997 साली या झाडाला राज्याचं झुडूप म्हणून मान दिला, आणि तिथेच दर फेब्रुवारीला घरोघर याचे खुंट उभे दिसतात. तिकडच्या बागप्रेमींनी या प्रकाराला 'क्रेप मर्डर' असं नावच दिलं आहे. शेजाऱ्यानं कापलं म्हणून आपणही कापायचं, हे तिकडेही चालतं तर.

मग करायचं काय? फार थोडं. थंडी सरता सरता बुंध्याशी आलेले फुटवे काढा, एकमेकींवर घासणाऱ्या, आत वळलेल्या, वाळलेल्या फांद्या मुळापासून काढा. पेन्सिलीहून जाड काही कापायची वेळ आली तर दोनदा विचार करा. पहिला बहर ओसरल्यावर वाळके तुरे खुडले तर बहुधा दुसरा येतो. दिवसाचं सहा तास ऊन हवं, एवढीच त्याची अट. आणि खिडकीपुढे पाच फुटांचंच झाड हवं असेल तर बुटकी वाणं मिळतात, ती लावा. 15-20 फूट वाढणाऱ्या झाडाला दरवर्षी पाच फुटांची शिक्षा कशाला?

शहरात झाडं तोडण्यावर 1975 पासून कायद्याचा अंकुश आहे, हे मी कमिटीला लिहून कळवलं आहे. पण कायद्याच्या धाकानं थांबलेला हात पुढच्या वर्षी पुन्हा उठतो, म्हणून हे सगळं लिहायचं.

ज्यांच्याकडे आधीच खुंट झाले आहेत त्यांनी निराश होऊ नये. प्रत्येक गाठीवरचे दोन-तीन सरळ, जोमदार धुमारे ठेवून बाकीचे काढून टाका आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथे करवत नेऊ नका. गाठ दिसत राहील, पण धुमाऱ्यांच्या फांद्या होतील. पुण्याच्या ताईच्या अंगणातलं असंच सुधारलं आहे. ताई, जमलं तर त्याचा एक फोटो पाठव, कमिटीला दाखवायला लागेल.