हात लावू नको, बिघडेल!

दिवाळीत बीडला ताईकडे गेलो होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये बीडला रेल्वे आली, त्याचं कौतुक गल्लीत अजून ओसरलं नव्हतं. फराळ सुरू असताना भाची म्हणाली, "मामा, मोबाईलवर पायथन लिहून लिहून बोटं दुखायला लागली." पोरगी बीसीएसच्या पहिल्या वर्षाला, आणि घरात कॉम्प्युटर नाही. ज्याच्या मामाचं पोट कॉम्प्युटरवर चालतं, त्याच्या भाचीची ही गत! लाजच वाटली.

बरोबर नेलेला रास्पबेरी पाय ५०० बॅगेतून काढला. दिसायला नुसता कीबोर्ड, पण अख्खा कॉम्प्युटर त्याच्याच पोटात. डिसेंबर २०२४ मध्ये तो ९० डॉलरला बाजारात आला, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेसात हजारांच्या आसपास. आपल्याकडे कर आणि दुकानदार धरून जास्तच पडतो, शिवाय माऊस, चार्जर, केबल वेगळे. पण मॉनिटर नको, घरचा टीव्ही चालतो. चार कोअरचा २.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, आणि हार्डडिस्कच्या जागी नखाएवढं मेमरी कार्ड.

"एका वेळी किती कामं करतो हा?" ताईचा प्रश्न. म्हटलं, ताई, तुझंच स्वयंपाकघर बघ. चार बर्नरची शेगडी म्हणजे चार कोअर, आणि ओटा म्हणजे रॅम. ओटा छोटा असला की सारखं सामान फडताळात ठेवा आणि परत काढा, त्यातच वेळ जातो. स्वस्तातला कॉम्प्युटर रखडतो तो बहुतेकदा शेगडीमुळे नाही, ओट्यामुळे. म्हणून मंडळी, घरासाठी काहीही घ्या, पण ८ जीबीच्या खाली उतरू नका.

तर संध्याकाळपर्यंत टीव्हीवर भाचीचं पायथन, ताईच्या बचत गटाचा हिशोब लिबरऑफिसमध्ये, ब्राउझरमध्ये दहाएक टॅब आणि मागे गाणी, असं सगळं एकदम सुरू होतं. दोघींची खाती वेगवेगळी करून दिली. माझ्या मते घरच्या कॉम्प्युटरचं खरं मल्टिटास्किंग हेच. एका माणसाच्या वीस खिडक्या नाही, एका घरातल्या चार माणसांची कामं.

उणिवाही सांगतो, नाहीतर म्हणाल जाहिरात करतोय :-) यात बॅटरी नाही. लाईट गेली की कॉम्प्युटर गेला, आणि लिहिता लिहिता गेला तर कार्डावरचा डेटा खराब होऊ शकतो. त्यामुळे छोटा यूपीएस हवाच. विंडोजचे प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. ज्यांचं पोट टॅलीवर आहे त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, सरळ जुना लॅपटॉप बघावा. हेडफोनचं भोक नाही, आवाज टीव्हीतून. मराठी टायपिंगसाठीही थोडी खटपट करावी लागते.

मग हाच का? कारण कार्ड बिघडलं तर अर्ध्या-पाऊण तासात नवं तयार होतं. (अर्थात बॅकअप घेतलेला असेल तर!)

१९८४-८५ मध्ये सरकारने 'क्लास' प्रकल्पात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर दिले. त्यात ३२ केबी मेमरी होती, आणि ते बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीतच पुढे आर्म प्रोसेसरचा जन्म झाला. पाय ५०० त्याच घराण्यातला, मेमरी मात्र अडीच लाख पटीहून जास्त. यंत्र एवढं बदललं, पण आपली वागणूक? आमच्या वेळी कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. आत यंत्रावर कापडी झाकण, आणि सरांचं पालुपद ठरलेलं : "हात लावू नको, बिघडेल." पहिली दोन वर्षं मी कॉम्प्युटर शिकलो नाही, नुसता त्याला घाबरायला शिकलो. ती भीती जायला पुढे नोकरीतली कितीतरी वर्षं गेली.

मोबाईलवर व्हिडिओ बघता येतात, फॉर्म भरता येतात, पण यंत्र उघडून, मोडून, पुन्हा जोडून बघता येत नाही. आणि बिघडवल्याशिवाय आमचा धंदा येत नाही हो! तालुक्याच्या पोरांना स्वस्त कॉम्प्युटर हवा तो एवढ्यासाठी. बिघडला तरी घरात रडारड होऊ नये इतका स्वस्त.

निघताना कार्डाची एक जादा प्रत भाचीच्या हातात दिली आणि म्हटलं, "बिनधास्त बिघडव."

परवा तिचा फोन आला. "मामा, बिघडवला. आणि दुरुस्तपण केला."

असो. इतकं समाधान मला अप्रेझलमध्येही कधी मिळालं नाही.