नावात उरलेले अरण्य

आमच्या पिढीने सायकल चैनीसाठी कधी चालविली नाही. रावपुऱ्यातून मांडवीपर्यंत, आधी कॉलेजात आणि पुढे कचेरीत, हँडलला डब्याची पिशवी अडकवून आम्ही आयुष्यातली बरीच वर्षे पायडल मारले. डोंगरावर सायकल चालविण्यासाठी लोक पदरचे पैसे भरून जातात, असे त्या काळी कोणी सांगितले असते तर आम्ही त्याच्या प्रकृतीची चौकशी केली असती. तेच आम्ही, साठी उलटल्यावर, आयर्लंडच्या पश्चिमेकडील कॉनेमारा नावाच्या मुलुखात डोक्यावर हेल्मेट चढवून जाड टायरच्या सायकलीवर स्वार झालो! निमित्त भाच्याचे. तो गॉलवे शहरात नोकरीस असतो. "मामा, मोटारीतून हा मुलूख दिसत नाही, नुसता सरकतो," असे म्हणून त्याने आम्हांस गळ घातली. बरोबर त्याची बारा वर्षांची मुलगी होती. या प्रवासात आमची खरी वाटाड्या तीच ठरली.

डोंगरी सायकलीचा हा छंद जन्मला कॅलिफोर्नियात. 1970 नंतरच्या दशकात तेथील काही तरुण जुन्या, वजनदार सायकली घेऊन डोंगरउतारावरून धावू लागले. परंतु ज्या हवेवर आज जगातल्या सायकली चालतात, ती भरण्याची युक्ती रूढ झाली आयर्लंडच्या भूमीवरून. 1888 साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीचे हादरे कमी व्हावेत म्हणून तिच्या चाकांना हवा भरलेली रबरी नळी बसविली. तशी कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन यांना पूर्वीच सुचली होती आणि 1845 साली त्यांनी तिचे पेटंटही घेतले होते. मात्र लोक ते विसरून गेले होते. पंक्चरच्या दुकानापुढे ताटकळताना आम्ही ज्या डनलॉपचे नाव टायरवर वाचले, तो गृहस्थ मूळचा गुरांचा वैद्य होता हे आम्हांस या वयात कळले.

डेरूरा येथील वनातली सायकलवाट सुमारे सोळा किलोमीटरांची आहे. आरंभी चढ लागतो. जेथे सायकलीने आम्हांस न्यावयाचे, तेथे आम्हीच पुष्कळदा सायकलीला नेले, हे कबूल करावयास हरकत नाही. दोन्ही बाजूंस स्प्रूसची झाडे इतकी दाट होती की भर दुपारी खाली संध्याकाळ वाटावी. पण थोड्या वेळाने मनात एक खटका आला. झाडे सगळी एका उंचीची, एका वयाची, शाळेतल्या कवायतीसारखी ओळीने उभी. पक्ष्यांचा आवाज जवळजवळ नाहीच. भाच्याने उलगडा केला. हे सिटका स्प्रूस मूळचे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे. ते येथे लाकडासाठी लावतात आणि साधारण पस्तीस-चाळीस वर्षांत तोडतात. म्हणजे आपण ज्याला अरण्य समजत होतो, ते खरे म्हणजे उंच वाढलेले शेत होते!

चढ संपला आणि झाडी एकाएकी मागे पडली. खाली कॉरिब सरोवर पसरले होते. आयर्लंडच्या प्रजासत्ताकातील हे सर्वांत मोठे सरोवर, सुमारे 176 चौरस किलोमीटरांचे. त्यात असंख्य लहान बेटे आणि पलीकडे निळसर डोंगरांची रांग. ऊन, पाऊस आणि पुन्हा ऊन असा खेळ दहा मिनिटांत दोनदा झाला. आम्ही दम खात बसलो असता नातीने सहज विचारले, "आजोबा, डेरी म्हणजे काय ते माहीत आहे? शाळेत शिकवले आम्हांला. ओकच्या झाडांची राई."

आम्ही सभोवार पाहिले. ओकचे एकही झाड दृष्टीस पडेना.

आयर्लंडच्या नकाशावर अशी नावे जागोजाग आहेत. मूळ आयरिश शब्द 'दिरे'. इंग्रज सरकारने 1824 पासून जी मोठी जमीनमोजणी केली, तिच्या नकाशांवर आयरिश नावे इंग्रजी कानाला ऐकू आली तशी उतरली आणि 'दिरे'चे 'डेरी' कायम झाले. शेतीसाठी झालेली तोड, पसरत गेलेली दलदल आणि पुढे जहाजे, पिंपे व लोखंडाच्या भट्ट्या यांसाठी लागलेले लाकूड यांनी ती अरण्ये संपविली. विसाव्या शतकाच्या आरंभी या देशाचा जेमतेम शेकडा एक भाग वनाखाली उरला होता. 2022 च्या वनगणनेत तो शेकडा साडेअकराच्या वर गेला आहे, पण त्यात सर्वांत मोठा वाटा त्या कवायतीतल्या स्प्रूसचा. कॉनेमाऱ्यातच डेरीक्लेअर येथे जुन्या ओकराईचा एक तुकडा तेवढा टिकून आहे. बाकी ठिकाणी राई उरली ती नावात, नाही तर दलदलीच्या पोटात. जळणासाठी पीटचा काळा थर कापताना कधी कधी हजारो वर्षांपूर्वीचे बुंधे अखंड सापडतात.

परतताना ऑक्नानूर येथील गढी पाहिली. इंग्रजीत तिला किल्ला म्हणतात, परंतु आपल्याकडच्या वाचकाला गढी हाच शब्द पटेल. सहा मजली चौकोनी बुरूज, जाड भिंती, अरुंद जंग्या. ओ'फ्लॅहर्टी घराण्याने ती इसवी सन 1500 च्या सुमारास बांधली. 'या ओ'फ्लॅहर्टींपासून आमचे रक्षण कर' अशी ईश्वराची प्रार्थना गॉलवेकरांनी आपल्या वेशीवर कोरली होती म्हणतात. ज्यांचा असा दरारा, त्यांच्या मेजवानीच्या दिवाणखान्याची आज एक भिंत उभी आहे. बाकीचा भाग खालची जमीन नदीने पोखरल्यामुळे कोसळला. आणि ऑक्नानूर म्हणजे काय? नातीने तेही सांगितले: यू नावाच्या सदाहरित वृक्षांचे शेत.

दुसऱ्या दिवशी सायकली मोटारीवर बांधून आम्ही आणखी पश्चिमेला गेलो. वाटेत माम क्रॉस नावाचा चौरस्ता लागतो. तेथील पाटीवर मात्र निराळेच नाव. त्याचा अर्थ 'जळके घर'. हा आयरिश बोलणाऱ्यांचा टापू असल्याने 2005 पासून येथील पाट्यांवर केवळ आयरिश नावेच अधिकृत आहेत.

पुढे बॅलिनाहिंचच्या सरोवरातही बेटावर एक पडकी गढी आहे. हे संस्थान पूर्वी ज्यांच्या घराण्याकडे होते, त्या रिचर्ड मार्टिन यांनी 1822 साली ब्रिटिश पार्लमेंटात गुराढोरांना क्रूरपणे वागविण्याविरुद्ध कायदा करून घेतला. गाढवाला मारणाऱ्यास ते या बेटावर कोंडून ठेवीत, अशी आख्यायिका आहे. जवळचा मोठा वाडा 1924 साली विकत घेतला तो कोणी? नवानगरच्या जामसाहेबांनी, म्हणजे क्रिकेटपटू रणजितसिंहजींनी! 1933 साली निधन होईपर्यंत तो त्यांच्याकडे होता. गुजरातच्या मातीत वाढलेल्या आम्हांस त्या थंडगार पाण्याकाठी एकदम कोणी घरचे भेटल्यासारखे वाटले.

मात्र त्याहून अधिक मनात राहिल्या त्या डोंगरउतारावरच्या सरळ, समांतर रेघा. गवताखाली दबलेले ते बटाट्याचे जुने वाफे. 1845 साली बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी गेली, तेवढीच देश सोडून गेली. गढ्यांना पाट्या आहेत, तिकिटे आहेत. या वाफ्यांना पाटी नाही. मोटारीतून ते दिसलेही नसते. सायकलीवरून दिसले, कारण चढावर आम्ही उतरून उभे होतो.

या लोकांबरोबर त्यांची भाषाही गेली. 2022 च्या जनगणनेत सुमारे 18 लाख 74 हजार लोकांनी आयरिश येते असे लिहिले. शाळेबाहेर ती रोज बोलणारे मात्र सुमारे 72 हजारच. ओकच्या राईसारखेच हे. नाव पुष्कळ ठिकाणी, झाड थोड्या ठिकाणी.

आम्ही हे मनाशी जुळवीत होतो, तोच नातीचा प्रश्न आला. "बाबा, वडोदरा म्हणजे काय?" भाचा गप्प. त्याचे बालपण त्याच शहरात गेले. शेवटी आम्ही सांगितले की वटोदर, म्हणजे वडाचे उदर, त्यावरून हे नाव पडले असे मानतात. ती हसली. "म्हणजे तुमचेही डेरीच!" मग तिने वहीत वडाचे चित्र काढून खाली नाव लिहिले. मराठी अक्षरांत, आम्ही सांगू तसे, 'ड' उलटा काढून, पुन्हा खोडून.

वाचकहो, तुमच्या मुलानातवंडांना आपल्या गावाच्या, पेठेच्या, पोळाच्या नावाचा अर्थ एकदा विचारून पाहा. त्यांना न आल्यास रागावू नका. आमच्या भाच्याला तो आम्हीच कधी सांगितला नव्हता.