सुपरव्हिजन शिकाऊंपुरतं नाही

नवख्या समुपदेशकाला सुपरव्हिजन, म्हणजे आपलं काम दुसऱ्याकडून नियमित तपासून घेणं, हवं हे सगळेच मान्य करतात. वीस वर्षं लोकांची दुःखं ऐकलेल्याला ते कशाला, असं मात्र लगेच विचारलं जातं. अनुभव शिकवतो खरा, पण चूक नजरेस आली तर. सुताराचा सांधा बसला नाही की त्याला तिथल्या तिथे कळतं. समुपदेशकाच्या बंद खोलीतलं दोघांनाच ठाऊक असतं आणि त्यातला एक जण संकोचापोटी ‘बरं वाटलं’ म्हणून निघून जातो. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातल्या १७० थेरपिस्टांच्या कामाचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुभव वाढला तसा क्लायंटला येणारा गुण सरासरीने वाढला नाही, किंचित घटलाच. मध्येच सोडून जाणारे मात्र कमी झाले. माणूस टिकवणं वर्षांनी शिकवलं, त्याला अधिक बरं करणं नाही. मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या १२९ व्यावसायिकांना २०१२ च्या एका पाहणीत स्वतःला जोखायला सांगितलं, तर एकानेही स्वतःला सरासरीखाली ठेवलं नाही!

सुपरव्हिजनमुळे क्लायंटला फायदा होतो याचा थेट पुरावा तोकडा आहे, हा आक्षेप जास्त वजनदार आणि खराही. पण कोणतं सुपरव्हिजन? समुपदेशकाने केस आठवून सांगायची आणि सुपरवायझरने मान डोलवायची, हे असेल तर पुरावा कुठून येणार? गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने वेगळी वाट धरली. नैराश्याच्या रुग्णांसाठी त्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेले स्थानिक समुपदेशक तयार केले. ते दर आठवड्याला गटात बसून सत्रांची ध्वनिमुद्रणं ऐकत आणि एकमेकांच्या कामाला गुण देत. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांवरच्या चाचणीत तीन महिन्यांनी या समुपदेशनाचा फायदा स्पष्ट दिसला (लॅन्सेट, २०१७). श्रेय एकट्या सुपरव्हिजनचं नव्हे, उपचारपद्धतीचंही आहे. पण ती पद्धत खोलीत खरोखर वापरली जाते का, हे त्या ध्वनिमुद्रणांशिवाय कळलं नसतं.

ध्वनिमुद्रण म्हटलं की येणारा गोपनीयतेचा मुद्दा संमती घेऊन आणि ओळख झाकून सुटतो. ब्रिटनमध्ये बीएसीपी या समुपदेशकांच्या संघटनेच्या ॲक्रेडिटेड सदस्याला महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावंच लागतं, व्यवसायात कितीही वर्षं झाली तरी. आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने समुपदेशकांना संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांत जागा दिली. नोंदणी टिकवण्यासाठी पदवीबरोबर नियमित सुपरव्हिजनही मागायला हवं. खर्चाची सबब तर गोव्यानेच निकालात काढली आहे: महागडा तज्ज्ञ दर वेळी लागत नाही. तालुक्यातल्या चार समुपदेशकांनी आठवड्यातली एक दुपार राखली आणि एकमेकांसमोर स्वतःचं ध्वनिमुद्रण लावायची तयारी ठेवली, तर सुरुवात होते. अडतं ते बहुधा या तयारीपाशीच.