वहीच्या मागच्या पानावरची चित्रं

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगून टाकते. इथे जालन्यात मी अर्धवेळ शिकवते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. आठवीतल्या एका मुलीची गणिताची वही हाती आली, तर मागची सात-आठ पानं चित्रांनी भरलेली! बाजारातली भाजीवाली, तिच्या टोपलीत तोंड घालणारी शेळी. मी वही मिटली आणि म्हटलं, "अभ्यासाच्या वेळी हे उद्योग नकोत." पोरीनं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. "बाई, बरं झालं तुम्ही बोललात. रंगपेटी मी कपाटात कुलपात ठेवलीय. चित्रं काढून का कुणाचं पोट भरतं?"

त्या रात्री मला धड झोप लागली नाही. अहो, ह्या प्रश्नाचं उत्तर आमच्याच माळ्यावर होतं! सासूबाईंनी जपलेल्या जुन्या दिवाळी अंकांवर दीनानाथ दलालांची चित्रं आहेत. १९१६ साली मडगावला जन्मलेले दलाल मुंबईत आले, पुस्तकांची मुखपृष्ठं आणि कथांसाठी चित्रं काढून नावारूपाला आले आणि १९४५ साली त्यांनी स्वतःचा 'दीपावली' अंक सुरू केला. १९७१ साली ते गेले, पण त्यांची चित्रं अजून रद्दीत टाकवत नाहीत.

त्या आईला मात्र मी दलालांपेक्षा वसंत सरवट्यांचं सांगितलं. कोल्हापूरचे, जन्म १९२७चा. शिक्षणानं इंजिनिअर, नोकरी सिमेंट कंपनीत, आणि ती सांभाळून चित्रं. 'ललित' मासिकात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' ह्या नावानं लिहीत, त्या ठणठणपाळाला रूप दिलं ते सरवट्यांनी. म्हणजे नोकरी आणि चित्रकला एका घरात नांदू शकतात. (नोकरीवरून आलेल्या बाईला संध्याकाळी चित्राला बसता आलं असतं का, हा प्रश्न मला पडतोच. तो पुन्हा कधीतरी.)

आता वाटेचं. आठवीपासून एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट, ह्या शासकीय रेखाकला परीक्षा शाळेतर्फेच देता येतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. म्हणजे नुसती हौस नव्हे, हाताला शिस्त लागते. इंटरमिजिएट झाली तर दहावीला वाढीव गुणही मिळतात. बारावी कुठल्याही शाखेतून करावी, मग सीईटी देऊन चार वर्षांच्या पदवीला जाता येतं. पुस्तकांची, जाहिरातींची कामं करायची असतील तर 'उपयोजित कला' हा विषय घ्यावा. मुंबईचं जे. जे. आहेच, पण छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय कला महाविद्यालय आहे. ते आपल्याला जवळ. पहिली काही वर्षं कामं तुटपुंजी मिळतात, हे लपवू नये.

आणि घरातलं काम एवढंच, की चित्रांच्या मागे तारीख लिहून ती गादीखाली सपाट ठेवावीत, गुंडाळू नयेत. पुढे दाखवायला हीच लागतात.

आईनं सगळं ऐकून घेतलं. "एलिमेंटरीला नाव घालायचं का, ते ह्यांना विचारून सांगते," म्हणाली. पंधरा दिवस झाले. रंगपेटी अजून कपाटातच आहे. मुलीला मात्र मी वही परत करताना विचारलं, "ती शेळी पुढे काय करते गं?" तर लाजून हसली.