समजून घ्या : समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी तेलंगणच्या जंगलात नौदलाचा तळ कशासाठी?

तेलंगणला समुद्रकिनारा नाही. तरीही 15 ऑक्टोबर 2024 रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी विकाराबाद जिल्ह्यातल्या दामगुंडम जंगलात नौदलाच्या केंद्राची पायाभरणी केली. हे कसं काय?

हे केंद्र नेमकं करणार काय?

बातम्यांमध्ये याला अनेकदा 'रडार स्टेशन' म्हटलं जातं. प्रत्यक्षात हे पाणबुड्यांना संदेश पाठवणारं रेडिओ केंद्र आहे. साध्या रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात शिरताच विरून जातात. 3 ते 30 किलोहर्ट्झच्या 'व्हीएलएफ' म्हणजे अतिनिम्न वारंवारितेच्या लहरी मात्र पाण्याखाली काही मीटर खोल पोहोचतात. त्यामुळे पाणबुडीला वर न येता, म्हणजेच शत्रूच्या नजरेत न येता, आदेश मिळतो. हा संवाद एकतर्फी असतो. पाणबुडीला याच मार्गाने उत्तर देता येत नाही.

मग किनाऱ्यावर का नाही?

कारण तशी गरज नाही. या लहरी हजारो किलोमीटर जातात. त्यांची लांबी 10 ते 100 किलोमीटर असल्यामुळे अँटेना अवाढव्य लागतात आणि जागाही तेवढीच मोठी. दामगुंडममध्ये सुमारे 2,900 एकर जमीन दिली गेली आहे. शिवाय किनाऱ्यापासून आत असलेलं केंद्र समुद्रातून होणाऱ्या हल्ल्यापासून तुलनेने सुरक्षित राहतं. असं पहिलं केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात 1990 पासून सुरू आहे : 'आयएनएस कट्टबोम्मन'.

नौदलाचे असे आणखी तळ आहेत?

आहेत. आपल्या लोणावळ्यातलं 'आयएनएस शिवाजी' हे त्यातलंच एक. जहाजांची इंजिनं सांभाळणारे अभियंते तिथे घडतात. प्रशिक्षणाला वर्ग आणि कार्यशाळा लागतात, धक्का नाही. तमिळनाडूत अरक्कोणमला 'आयएनएस राजाली' हा हवाई तळ आहे. पाणबुड्या शोधणारी पी-8आय विमानं तिथून उडतात आणि थोड्याच वेळात समुद्रावर पोहोचतात.

मग विरोध कशाला?

विकाराबादजवळच्या अनंतगिरी डोंगरांत मुसी नदी उगम पावते. हीच नदी पुढे हैदराबादमधून वाहते. झाडं तुटली तर पाण्यावर परिणाम होईल, गुरांची चराई बंद होईल आणि जंगलातल्या जुन्या रामलिंगेश्वर मंदिरात जाणं अवघड होईल, ही स्थानिकांची आणि पर्यावरणप्रेमींची भीती आहे. केंद्र देशाच्या सुरक्षेसाठी आवश्यक आहे, असं सरकारचं म्हणणं आहे.

अणुपाणबुड्यांची संख्या वाढत असताना त्यांच्याशी संपर्काची दुसरी, पर्यायी सोय हवी, हे समजण्यासारखं आहे. पण 'समुद्रापासून दूर का?' याचं उत्तर विज्ञान देतं. 'याच जंगलात का?' याचं उत्तर मात्र सरकारलाच लोकांना द्यावं लागेल.