नकाशात वेस नव्हती

गाव उठलं तेव्हा वडिलांनी दाराची सागवानी चौकट तेवढी मागे सोडली नाही. बैलगाडीत घालून नव्या गावठाणात आणली. पत्र्याच्या खोलीत ती बसेना, म्हणून सुताराने खालून वीतभर कापली. त्या दोन तुकड्यांचा आईने मांडणीखाली टेकू केला.

करमाळा तालुक्यात उजनी धरणाच्या काठावर राहणाऱ्या कुणालाही हे नवं नाही. धरण 1980 साली पूर्ण झालं. त्याआधीच माळावर फक्कीच्या रेघा मारून आम्हाला प्लॉट दिले. वेस नाही, पार नाही, पाण्याकडे उतरणारी वाट नाही. आखणाऱ्याला आमच्या जुन्या गावाबद्दल विचारायला कुणी लावलंच नव्हतं.

मी चित्रकला शिकवण्यात आयुष्य घालवलं, म्हणून या आखणीचा विचार करताना वॉल्टर बर्ली ग्रिफिन या अमेरिकन वास्तुविशारदापाशी अडकून पडलो. जन्म 1876, शिकागोजवळचा. फ्रँक लॉइड राइटच्या हाताखाली काम केलेला. 1912 साली ऑस्ट्रेलियाच्या नव्या राजधानीची स्पर्धा त्याने जिंकली, तेव्हा त्याने तो देश पाहिलाही नव्हता. समोर होते समोच्च रेषांचे नकाशे. त्यावरून त्याने टेकड्या ओळखल्या, रस्ते त्यांच्या रोखाने आखले आणि मधोमध तळं धरलं. चित्रं काढली त्याच्या पत्नीने, मॅरियन महोनीने, तीही वास्तुविशारद. हातातल्या कागदावरून जमीन वाचता येते, हे या दोघांनी दाखवलं.

पुढे अधिकाऱ्यांशी खटके उडाले आणि 1920 मध्ये त्याने त्या राजधानीचं, कॅनबेराचं काम सोडलं. 1935 साली तो लखनौला आला, विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी. भारतात त्याला पुन्हा हुरूप आला, एकामागून एक आराखडे काढले. पण फेब्रुवारी 1937 मध्ये शस्त्रक्रियेनंतर तिथेच वारला. लखनौतली त्याची कबर कित्येक वर्षं बिननावाची होती. कॅनबेरात त्याने आखलेलं तळं त्याच्या मृत्यूनंतर 27 वर्षांनी, 1964 मध्ये झालं, आणि त्याला त्याचंच नाव दिलं. त्या तळ्यात एक टीएमसीहून थोडं जास्त पाणी मावतं. आमच्या उजनीत 117 टीएमसी.

एवढ्या पाण्यासाठी गावं उठवताना माणसांच्या जगण्याची आखणी करणारा एकही माणूस आम्हाला मिळाला नाही. पुनर्वसन म्हणजे प्लॉटवाटप नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पलीकडे पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, आमच्याकडे घरांची जोती उघडी पडतात. वास्तुकलेच्या महाविद्यालयांनी मे महिन्यात मुलांना इकडे पाठवावं. टेप, कागद, पेन्सिल पुरे. वेस कुठे होती, घाट कुठे उतरायचा, हे बोट दाखवून सांगणारी माणसं अजून आहेत. त्यातली बरीचशी सत्तरी ओलांडलेली आहेत.